‘दोनच बोटं’मधला ‘च’

पत्रलेखिका 29 वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करणारी. पहिलंच बाळंतपण. आठवा सरत आलाय आणि ती कराडजवळ माहेरी आली आहे. नवरा रजा साठवत नाशिकलाच थांबलाय. सहाव्या महिन्यापासून तिनं एक ऑनलाइन वर्ग लावला होता. तिथं शिकवलं, की ‘कळा’, ‘वेणा’, ‘दुखणं’ हे शब्द तोंडातून काढायचेच नाहीत, ‘लाटा’ म्हणायचं. कारण शब्दांनी भीती येते आणि भीतीनं दुखतं. माहेरी मात्र रोज संध्याकाळी कुणी आत्या, कुणी काकू, कुणी शेजारीण आपल्या बाळंतपणाची कहाणी सांगून जाते. कुणी तीन दिवस अडली होती, कुणी मरणाच्या दारातून परत आली होती. एकदा हिनं सगळ्यांसमोर आईला म्हटलं, “कळा म्हणू नकोस गं, लाटा म्हण.” आजी खो-खो हसली, आई दुखावली, आणि तेव्हापासून मायलेकी जेवढ्यास तेवढं बोलतात. त्यात मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, “पेल्व्हिस (कटीची हाडं) जरा लहान वाटतंय. बघू, जमलं तर नॉर्मल.” तेव्हापासून झोप उडालीय. तिचे प्रश्न असे: शब्दांनी खरंच फरक पडतो, की मला खुळ्यात काढलंय? घरच्यांची तोंडं कशी बंद करू? आणि दवाखान्यात ‘असं बोला, असं बोलू नका’ हे सांगायची सोय असते का?

अगं, आजीच्या हसण्यावर रागावू नकोस. मलाही तिथं हसू फुटलं. सोप्यात शेंगा फोडत बसलेल्या बायकांना कुणी ‘लाटा म्हणा’ असं शिकवायला लागलं, तर दुसरं काय होणार?

पण तुझा पहिला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फरक पडतो. बॉस्टनमध्ये एकदा याची साधीसोपी परीक्षा घेतली गेली, तिचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. दिवस भरलेल्या 140 बायका होत्या. एपिड्यूरल किंवा स्पायनल (कमरेखालचा भाग बधिर करणारी पाठीतली इंजेक्शनं) देण्याआधी पाठीतली जागा बधिर करायला एक छोटं इंजेक्शन देतात, ते सगळ्यांना सारखंच. वेगळं होतं ते फक्त डॉक्टरांचं वाक्य. काही जणींना सांगितलं, की आता बधिर करायचं औषध देतोय, ती जागा बधिर होईल आणि पुढं तुम्हाला त्रास होणार नाही. बाकीच्यांना सांगितलं, की आता मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, सगळ्यात वाईट भाग हाच. मग प्रत्येकीला विचारलं, 0 ते 10 मध्ये किती दुखलं? पहिल्या गटाचा मधला आकडा 3 आला, दुसऱ्याचा 5. सुई तीच, औषध तेच. आपल्याकडं मधमाशीऐवजी मुंगी असते, ‘काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल’, आणि ती मुंगी यायच्या आधीपासूनच आपण दंड आवळून बसतो.

आता तेच आकडे पुन्हा वाच. चांगल्या वाक्यानंतरही 3 उरलेच. तुझ्या वर्गात हा 3 कुणी सांगितलेला दिसत नाही, आणि माझी कुरकुर तिथंच आहे. भीतीनं अंग आखडतं आणि आखडलेल्या अंगाला जास्त दुखतं, ही मांडणी ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरनं 1930 च्या दशकात केली. ती बरीचशी पटण्यासारखी आहे. पुढं फर्नांद लामाझ या फ्रेंच डॉक्टरनं सोव्हिएत रशियात पाहिलेली एक पद्धत 1950 च्या सुमारास पॅरिसला नेली. श्वासाचा सराव, आधीची तयारी, जवळ माणूस. यातलं पुष्कळसं आजही उपयोगी पडतं. पण त्या पद्धतीचं तेव्हाचं नाव होतं ‘वेदनारहित प्रसूती’. वेदनारहित म्हटल्यावर जिला दुखलं तिनं काय समजायचं? आपला सराव कमी पडला, आपण कुठंतरी चुकलो. भीती घालवायला आणलेल्या शब्दानं तिला नापास करून टाकलं. उद्या रात्री तीन वाजता तुझी कंबर तुटायला लागली आणि ती काही केल्या लाट वाटेना, तर तू स्वतःला काय म्हणशील, याचा विचार मी पत्र वाचल्यापासून करतेय.

शिवाय ‘कळ’ हा शब्द इतका वाईट आहे का, हे तुला कुणी तपासायला सांगितलं नाही. आपण म्हणतो कळ येते, कळ ओसरते. ओसरणं हे पाण्याचं काम आहे. पूर ओसरतो, भरती ओसरते, पावसाळ्यानंतर तुमच्या प्रीतिसंगमावरचं पाणी ओसरतं. वर्गानं जी लाट इंग्रजीतून उचलून आणली, ती आजीच्या तोंडी आधीपासून आहे, फक्त क्रियापदात दडलेली. ‘वेदना’ म्हटलं की काहीतरी एकसारखं ठणकत असल्याचा भास होतो. कळेचं तसं नाही, ती येते आणि जाते. ‘जरा कळ काढ’ म्हणजे थोडा धीर धर, हे तर तू बँकेतल्या रांगेलाही सांगत असशील. आणि कळा बाई ‘देते’: रात्रभर कळा दिल्या, पहाटे बाळंत झाली. दोन्ही वाक्यांत करणारी तीच. ‘डॉक्टरांनी डिलिव्हरी केली’ या वाक्यात मात्र बाई कुठं आहे ते शोधून दाखव.

मी डॉक्टर नाही. एका प्रसूतिगृहात सतरा वर्षं समुपदेशक होते, त्यामुळं लेबर रूमच्या दाराशी आणि कधी आतही पुष्कळ उभी राहिलेय. तिथं एक मावशी होत्या. शिक्षण चौथी, काम लादी पुसण्याचं आणि बेडपॅन देण्याचं. हातातलं काम झालं की त्या एखाद्या पहिलटकरणीच्या उशाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि कळ सुरू झाली की हलक्या आवाजात तिचं वर्णन करायच्या. “आली... चढतीय, चढू दे... ही बघ, वर पोचली... आता उतरतीय... गेली. खांदे सोड. मूठ सोड. पाणी घे.” पुढच्या कळेला पुन्हा तेच. एक मुलगी किंचाळली, “मावशी, दुखतंय हो!” तर म्हणाल्या, “दुखणारच बाई. गेली बघ ती.” दुखत नाही असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांच्या बोलण्यात प्रत्येक कळेला शेवट होता, एवढंच.

आणि तो शेवट खरोखर असतो. आत्या म्हणते ‘बारा तास कळा दिल्या’, तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढं सलग बारा तासांचा दगड उभा राहतो. तू बँकेतली आहेस, हिशेब कर. सुरुवातीला पाच-पाच मिनिटांनी कळ येते आणि मिनिटभर टिकते असं धर. तासाला बारा कळा, म्हणजे बारा मिनिटं. उरलेली अठ्ठेचाळीस मिनिटं काय करायचं, हे शिकवणारी बाई मला अजून भेटलेली नाही. त्या वेळात डुलकी लागते, दोन घास खाता येतात, नवऱ्याशी भांडताही येतं. शेवटी शेवटी कळा जवळ येतात, दम घ्यायला फार वेळ मिळत नाही, आणि काहींची कंबर मधल्या वेळातही दुखत राहते, हेही आताच सांगून ठेवते. तेव्हा मधली मिनिटं नव्हे, नुसते श्वास मोजायचे.

म्हणून मी म्हणेन, ‘कळ’ ठेव. तुला ‘लाट’ आवडत असेल तर मनातल्या मनात लाटही म्हण, कुणाची हरकत? हाकलायचेच असतील तर दुसरे शब्द आहेत. ज्यांनी काही दुखत नाही पण निकाल लागतो, असे.

त्यात सगळ्यात लहान आहे ‘च’. माझ्या थोरलीच्या वेळी सहा तास झाल्यावर तपासायला आलेल्या बाईंनी हातमोजा काढता काढता भिंतीकडं बघून म्हटलं, “दोनच बोटं.” मला नाही सांगितलं, फाइलला सांगितलं. त्या ‘च’नं माझे सहा तास पाण्यात गेले. पिशवीचं तोंड दोन बोटं उघडलंय म्हणजे साधारण तीनेक सेंटिमीटर, आणि बंद तोंड तिथवर यायला शरीरानं केवढी मजल मारलेली असते! दर तासाला 1 सेंटिमीटर उघडलं पाहिजे, ही जुनी मोजपट्टी काही बायकांच्या बाबतीत अवास्तव आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 च्या शिफारशींत स्पष्ट लिहिलंय. खरा जोराचा टप्पा 5 सेंटिमीटरपासून धरा, त्याआधीचा वेळ प्रत्येकीचा वेगळा, असंही. मला हे तेव्हा ठाऊक असतं तर मी त्या भिंतीला उत्तर दिलं असतं.

दुसरा शब्द ‘खोट्या कळा’. ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरनं 1872 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्याच्या नावानं त्या ओळखल्या जातात. आपण त्यांना खोट्या म्हणतो, आणि रात्री दोनला दवाखान्यात जाऊन पहाटे परत आलेली मुलगी घरी चोरासारखी तोंड लपवते. पोट कडक होत होतं, ते खरंच होत होतं ना? ‘सरावाच्या’ म्हण. आणि शंका आली तर दहादा जा.

मग ‘नॉर्मल’. देशात 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 21.5 टक्के बाळंतपणं सीझरनं झालेली होती. खासगी दवाखान्यांत 47.4 टक्के. म्हणजे खासगीत जवळजवळ दुसरी प्रत्येक बाई अ‍ॅबनॉर्मल? यातली किती सीझर टाळता आली असती, हा प्रश्न विचारायलाच हवा, पण तो व्यवस्थेला. टाके घेऊन पडलेल्या बाईला नव्हे. ‘तुला काय, तू तर कळा न देताच आई झालीस’ हे तिला ऐकवणाऱ्यांनी सहा पदरी पोट कापून घेतल्यावर शिंकून बघावं एकदा. उलटही सांगते. ब्रिटनमध्ये सुईणींच्या संघटनेनं ‘नॉर्मल बर्थ’ची मोहीम बरीच वर्षं चालवली आणि 2017 साली ती थांबल्याचं जाहीर झालं. श्रूजबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांवरचा चौकशी अहवाल 2022 मध्ये आला, त्यात सीझर टाळण्याच्या हट्टापायी काही आया आणि बाळांचं नुकसान झाल्याची नोंद आहे. एका शब्दाला बक्षिसासारखं मिरवलं, की दुसऱ्या वाटेनं जायला उशीर होतो. ‘खालून’ आणि ‘पोटातून’ असं आपल्या बायका म्हणतात, ते मला डॉक्टरी शब्दांपेक्षा बरं वाटतं. नुसती वाट सांगितली, शेरा नाही मारला.

तुझ्या डॉक्टरांचं वाक्य आता उघडून बघू. ‘पेल्व्हिस लहान वाटतंय.’ निरोगी बाईच्या कटीचं नुसतं हातानं माप घेऊन बाळंतपण कसं होईल, याचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही. कळा सुरू झाल्या, की बाळाचं डोकं आणि आईची हाडं दोन्ही आपापली जागा करतात, आणि बसतंय की नाही हे बहुतेकदा तेव्हाच कळतं. पुढच्या तपासणीला विचार: “तुम्ही लहान म्हणालात ते कशावरून? बाळ मोठं आहे का? आधीच ठरवण्यासारखं काही आहे, की कळा सुरू झाल्यावर बघायचं?” कदाचित ते जाता जाता बोलले असतील आणि विसरलेही असतील. तू तीन आठवडे जागी आहेस. आणि ‘जमलं तर’मध्ये कुणाला जमलं तर, हेही मला विचारायचंय, पण ते तू नको विचारूस, उगाच वाजेल.

आता घरच्या बायका. त्यांची तोंडं बंद करायची हे तू धरून चाललीस, तिथं मी जरा अडते. ‘हातीपायी सुटली’ हा शब्दप्रयोग तुझ्या आजीला विचार. बाई आणि बाळ दोन्ही धड राहिले, म्हणजे सुटली. त्या पिढीत प्रत्येक गल्लीत एक तरी न सुटलेली होती. 2018–20 च्या सरकारी आकडेवारीत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागं 33 माता दगावल्या (देशात 97). आजीच्या तरुणपणी तसं नव्हतं. तिची भीती तिच्या काळात खरी होती, ती तुझ्या काळात उचलून आणतेय एवढाच घोळ. आणि आत्या-काकूंचं म्हणशील, तर त्या तुला घाबरवायला येतात असं मला वाटत नाही. बाळ झाल्याबरोबर सगळे पेढे वाटायला लागले, आणि तिच्यावर काय गुजरलं हे तिला कुणी विचारलंच नाही. तीस वर्षांनी समोर पोट दिसलं, की ते बाहेर येतं.

यावर दोन गोष्टी कामी येतात, मी कितीतरी घरांत बघितलंय. एक म्हणजे तारीख दे: “आत्या, ही गोष्ट मला पूर्ण ऐकायचीय, पण माझं झाल्यावर. बाराव्या दिवशी ये, दोघी मिळून सांगू.” दुसरी, प्रश्न फिरव: “त्या रात्री तुला कुणाचं काय बोलणं बरं वाटलं?” हा विचारून बघच. आवाज बदलतो बायकांचा. कुणाला सुईणीचा कंबरेवरचा हात आठवतो, कुणाला सासरा चुलीपाशी बसून पाणी तापवत होता ते. त्यातलं जे तुझ्या कामाचं, ते घे.

दवाखान्यात मागायची सोय असते का? असते, पण पंधरा कलमांचा जाहीरनामा घेऊन गेलीस तर तो फाइलच्या तळाशी जाईल. अर्ध्या पानाची चिठ्ठी कर, मराठीत, आणि बँकेतल्या साहेबांना लिहिशील तशा सुरात. ‘तपासण्याआधी सांगा आणि काय आढळलं ते मला सांगा. घाबरले तर ओरडेन, रागावू नका. दुखणं कमी करायचं औषध लागलं तर मी स्वतः मागेन, मागितलं तर कमीपणा देऊ नका. मधे काही बदलावं लागलं तर कारण आणि वेळ किती आहे ते सरळ सांगा.’ एवढं पुरे. ‘तेव्हा नाही का कळलं?’ छापाचं घाणेरडं बोलणं आजही काही लेबर रूममध्ये चालतं, मला माहीत आहे. ते ऐकून घ्यायचं नसतं. सरकारी लेबर रूमसाठी 2017 अखेरीस सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात आदरानं वागवणं हा कामाचाच भाग धरलाय. नाव लक्षात ठेवायचं आणि घरच्या माणसानं दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना लेखी द्यायचं. त्या क्षणी तू वाद घालू नकोस, तुला दुसरं काम आहे.

एका ठिकाणी मात्र गोड शब्द अजिबात नकोत. अंगावरून लाल रक्त जाणं, पाणी जाऊन त्याला हिरवट रंग असणं, बाळाची हालचाल कमी होणं, डोकं फुटेल असं दुखणं आणि डोळ्यांपुढं अंधारी, यातलं काहीही झालं तर ती लाटही नाही आणि सरावही नाही. गाडी काढायची आणि निघायचं. तसंच डॉक्टर म्हणाले, “बाळाचे ठोके कमी होतायत, सीझर करावं लागेल,” तर ते वाक्य कठोर वाटलं तरी चांगलं आहे, कारण त्यात कारण आहे.

राहता राहिली सोबत. पूर्ण वेळ एक माणूस जवळ असेल तर सीझरचं आणि औषधांचं प्रमाण कमी होतं, कळांचा काळही थोडा आखूड होतो, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. केंद्र सरकारनं 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांतही सोबतीला माणूस ठेवायला मान्यता दिली. तुझा दवाखाना खासगी असेल तर आताच विचारून ठेव, आत कोण चालेल, किती वेळ.

तू नवऱ्याला गृहीत धरलंयस. त्याला श्वासाचे व्हिडिओ पाठवतेस, तो बघतो, छान आहे. पण नाशिकहून कराडला यायला त्याला सहा-सात तास लागणार, आणि कळा त्याची रजा बघून येत नाहीत. पहिले काही तास, म्हणजे तू सगळ्यात जास्त घाबरलेली असशील ते तास, तुझ्या उशाशी आई असेल. जिच्याशी तू सध्या जेवढ्यास तेवढं बोलतेयस, ती.

तेव्हा आज रात्री जेवणं झाल्यावर तिच्यापाशी जाऊन बस. त्या दिवशी सगळ्यांसमोर तिला टोकलं, त्याबद्दल आधी माफी माग. फार लांबण लावू नकोस. मग मावशींचं ते म्हणून दाखव आणि तिच्याकडून म्हणून घे. आली, चढतीय, पोचली, उतरतीय, गेली. घड्याळ लावून मिनिटभर. आजी हसेल, हसू दे. तिला विचार, तिच्या वेळची सुईण कळ ओसरताना काय म्हणायची. तिच्याजवळ यापेक्षा चांगला शब्द असला तर मला कळव.